जूनअखेरीस अंदालुसियात मोटरहोम: आधी रात्री कुठे झोपायचं ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही चौघं (मुलं ११ आणि ६ वर्षांची) नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून, आई-बाबा अकोल्याहून, दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात मलागाला सहा जणांची मोटरहोम भाड्याने घेणार, २० जूनपासून दोन आठवडे, मलागा-कॉर्डोबा-सेव्हिल-कादिझ-रोंडा-ग्रॅनाडा असा गोल मारणार, प्रत्येक गावात दोन-दोन रात्री, आणि वर तुम्ही लिहिलंय की आम्ही अकोल्याचे, ४५ ची सवय आहे, मग ऊन झेपेल ना?

ऊन झेपेल हो, पण हा प्लॅन नाही झेपायचा. मी गेली बरीच वर्षं जर्मनीतून स्वतःच्या मोटरहोमने तिकडे जातोय आणि इथल्या मराठी मंडळींना भाड्याची गाडी घेण्याआधी कागद तपासून देतो, त्यात सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच, "आम्हाला उन्हाची सवय आहे". अकोल्यात ४५ असतं तेव्हा तुम्ही घरात असता बघा, जाड भिंती, खिडकीत कूलर, दुपारी पडदे ओढून झोप. मोटरहोमची भिंत असते जेमतेम तीन सेंटिमीटरची, खिडक्या प्लास्टिकच्या, पुढे भलीमोठी काच, आणि दिवसभर उन्हात उभी राहिली की गाद्या, फर्निचर, टाकीतलं पाणी सगळं तापून बसतं आणि रात्री अकरानंतर बाहेर बरं वाटायला लागलं तरी आत तीच उष्णता सुटत राहते. म्हणून माझा एकच नियम आहे, दिवसाचं कमाल तापमान बघत बसायचं नाही, रात्रीचं किमान बघायचं. रात्र कुठे काढायची ते आधी ठरवा, गावं त्याच्याभोवती बसवा.

आकडे सांगतो म्हणजे पटेल. जुलैत सेव्हिल आणि कॉर्डोबाचं सरासरी कमाल ३६-३७, ही नुसती सरासरी, लाट आली की ४३-४४ सहज. २८ जून २०२५ ला उएल्वा जिल्ह्यातल्या एल ग्रनादोला ४६ नोंदलं गेलं, म्हणजे तुमच्याच तारखा. स्पेनचा आजवरचा अधिकृत उच्चांक ४७.६, तोही कॉर्डोबा जिल्ह्यातलाच, ला राम्ब्ला, १४ ऑगस्ट २०२१. ग्वादाल्किविर नदीचं हे खोरं म्हणजे भट्टी आहे, त्यातल्या एसिखा गावाला तिकडचे लोकच अंदालुसियाचा तवा म्हणतात, आणि सेव्हिलने तर २०२२ मध्ये उष्णतेच्या लाटेला वादळासारखं नाव दिलं होतं, झोए. याउलट कादिझला ऑगस्टमध्येसुद्धा सरासरी कमाल २८ च्या आसपास, मलागाला ३१. ग्रॅनाडा दिवसा ३४-३५ ला तापतं पण साधारण ७०० मीटरवर असल्यामुळे रात्री १७-१८ पर्यंत उतरतं, आणि आल्पुहारा डोंगरातली गावं, कापिलेइरा १४३६ मीटर, त्रेवेलेस १४७६ मीटर, तिथे जूनमध्ये रात्री गोधडी लागते. दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री कमी हा हिशोब डोक्यात ठेवला तरी नकाशा वेगळाच दिसायला लागतो.

आता घड्याळाचं. स्पेन भौगोलिकदृष्ट्या लंडनच्याही पश्चिमेला पसरलेला आहे पण घड्याळ जर्मनीचं लावतो, वर उन्हाळी वेळ, त्यामुळे सेव्हिलला सूर्य डोक्यावर येतो दुपारी जवळजवळ अडीचला आणि मावळतो पावणेदहाला. म्हणजे सगळ्यात वाईट वेळ असते पाच ते सात. आपण भारतीय चार वाजले की "आता ऊन उतरलं, चला फिरून येऊ" म्हणून मुलांना बूट घालतो ना, तेच तिथे करू नका. सकाळी सातला बाहेर पडा (तेव्हा गारवा असतो, अंधारही नुकताच सरलेला असतो), एक-दीडला परत, मग जेवण, झोप, पोहण्याचा तलाव, आणि पुन्हा बाहेर साडेआठनंतर. सहा वर्षांची पोरं रात्री अकराला बागेत घसरगुंडीवर खेळताना दिसतील तिकडे, तेव्हा तुमच्या धाकट्याच्या झोपेचं वेळापत्रक त्या दोन आठवड्यांपुरतं विसरा.

मी असतो तर हा गोल असा फिरवला असता. गाडी बहुतेक दुपारी ताब्यात मिळते आणि ती समजून घेण्यात दोन तास जातात, त्यामुळे पहिल्या दिवशी लांब जाऊच नका, मलागाच्या पूर्वेला तोर्रे देल मार किंवा नेरहा, तासाभराच्या अंतरात, समुद्राजवळच्या कॅम्पिंगवर दोन-तीन रात्री. तिथे किराणा भरा, आई-बाबांना गाडीची सवय होऊ दे, नेरहाच्या गुहा बघा, आत गार असतं. फक्त २३ जूनची रात्र सान हुआनची असते, सगळ्या किनाऱ्यावर शेकोट्या आणि गर्दी, मजा आहे बघायला पण त्या संध्याकाळी समुद्राकाठी पार्किंग शोधत फिरू नका, आधीच कॅम्पिंगवर टेकलेले असा.

मग मोत्रिलवरून ए-४४ ने वर, आल्पुहारात दोन रात्री. लान्हारोन-ओर्हीवावरून पाम्पानेइराकडे चढणारा रस्ता वळणावळणाचा आहे, खंबाटकी-वरंधा केलेल्या माणसाला घाबरण्यासारखं काही नाही, पण सात मीटरच्या गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबत असतो तो वळताना बाहेर फेकला जातो, ते लक्षात ठेवायचं, आणि गावाच्या आत कुठेही घुसायचं नाही. हे तिकडच्या चुना फासलेल्या सगळ्याच पांढऱ्या गावांना लागू. नॅव्हिगेशन तुम्हाला दोन मीटर रुंदीच्या गल्लीत नेऊन सोडेल, तिथे दोन्हीकडे घरं, वर बाल्कनी आणि मागे रांग. गावाबाहेर पार्किंग दिसलं की तिथेच थांबा, चालत जा. रोंडाच्या जवळ ग्रासालेमा आणि साआरा यांच्यामधला पुएर्तो दे लास पालोमासचा घाट फोटोत फार सुंदर दिसतो, तो मोटरहोमने करू नका.

ग्रॅनाडासाठी शहरात राहू नका, वर सिएर्रा नेवादाच्या बाजूला ग्युएहार सिएर्राकडे कॅम्पिंग बघा, हजार-अकराशे मीटरवर, धरण खाली दिसतं आणि शहरात जायला बस आहे. आल्हाम्ब्राची, म्हणजे ग्रॅनाडाच्या जुन्या मुस्लिम राजांच्या किल्ल्याची, तिकिटं आत्ताच काढा, आत्ता म्हणजे हे वाचून संपल्यावर लगेच, कारण त्यातल्या नास्रिद महालांना ठरावीक वेळेचा स्लॉट असतो, तिकिटावर नाव असतं आणि दारात पासपोर्ट बघतात, महालातसुद्धा पुन्हा बघतात, तेव्हा सगळ्यांचे पासपोर्ट बरोबर. पहिला सकाळचा स्लॉट घ्या. तो नाही मिळाला तर उन्हाळ्यात महालांची रात्रीची भेटही असते, दहाच्या पुढे, आई-बाबांना तीच जास्त आवडेल असं मला वाटतं. गाडी घेऊन जायचंच असेल तर शहरात न शिरता दक्षिणेकडच्या बायपासने, रोंदा सूरने, थेट आल्हाम्ब्राच्या पार्किंगला जाता येतं.

तिथून ए-९२ ने अंतेकेरा, मग रोंडा. रोंडा ७०० मीटरच्या वर आहे, रात्री बऱ्या असतात, जुना पूल (नाव नवा पूल, बांधून पूर्ण झाला १७९३ ला) संध्याकाळी नऊला बघा, खाली दरी जवळजवळ शंभर मीटर. वाटेत एल चोर्रोजवळची धरणं लागतात, पोहायला छान. कामिनितो देल रेय (तिथल्या दरीच्या कड्याला लावलेली पायवाट) करायचं डोक्यात असेल तर आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, म्हणजे धाकट्याबरोबर कोणाला तरी धरणावर थांबावं लागेल, आणि ते आजी-आजोबा असतील तर सगळ्यांचंच भलं.

उरलेल्या पाच-सहा रात्री सरळ कादिझच्या किनाऱ्यावर, एल पुएर्तो दे सांता मारिया, कोनिल, बोलोनिया. अटलांटिकचा वारा असतो, ट्रिपमधला हाच सगळ्यात सुखाचा भाग ठरेल. एल पुएर्तोहून कादिझला अर्ध्या तासात बोट जाते, आणि सेव्हिलला ट्रेन. हेच मला सांगायचंय, सेव्हिल बघा पण तिथे गाडीत झोपू नका. पहाटेची ट्रेन, कॅथेड्रल नाहीतर अल्काझार राजवाडा दोन्हीपैकी एकच नीट, गल्ल्यांवर घरांच्या मधे ताणलेल्या कापडांच्या सावलीतून चालणं, जेवण, आणि दुपारी एसी ट्रेनमधे बसून परत समुद्रावर. कॉर्डोबाचंही तसंच, मलागाहून हायस्पीड ट्रेन तासाभरात पोचवते, मेझ्किता (तिथली जुनी मशीद, आता कॅथेड्रल) सकाळी लवकर बघायची आणि जेवून परत. शेवटच्या एक-दोन दिवसांत मलागाजवळ असाल तेव्हा जमवा, नाही जमलं तर सोडून द्या, ४२ डिग्रीत कॉर्डोबा बघून आईंच्या लक्षात फक्त घाम राहील.

वाऱ्यांचं एक सांगतो कारण पुस्तकात ते दोन ओळीत उरकतात. तारिफाला लेवान्ते सुटला, म्हणजे पूर्वेचा, की चार-पाच दिवस थांबत नाही, वाळू दाताखाली येते आणि बाहेर काढलेली ऑनिंग (गाडीच्या कडेचं गुंडाळता येणारं कापडी छत) छत्रीसारखी उलटते. गाडी सोडून जाताना ऑनिंग नेहमी गुंडाळायची, झोपतानासुद्धा, वारा नसला तरी. भाड्याच्या इन्शुरन्समधे ऑनिंग बहुतेक धरत नाहीत. मलागाला उलटं, तिथे तेर्राल म्हणून जमिनीवरून येणारा कोरडा वारा आहे, तो आला की समुद्रकाठीसुद्धा एकदम चाळीशीला जातं, आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी समुद्राचं पाणी बर्फासारखं गार पडतं कारण वारा वरचं कोमट पाणी लोटून देतो आणि खालचं वर येतं. तेर्रालचा अंदाज दिसला तर मलागा सोडून डोंगरात सटका.

आता गाडी. सहा जण म्हटलं की तुम्हाला ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली गाडी देणार, तिथल्या लोकांच्या भाषेत कापुचिना. त्यात दोन भानगडी आहेत. पहिली वजनाची. साध्या कारच्या बी लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतच, आणि अशी गाडी रिकामी असतानाच ३००० च्या आसपास असते. ड्रायव्हर बहुतेक वेळा त्यात धरलेला असतो, बाकी पाच जणांचे ३०० धरा, उरले २००, त्यात बॅगा, किराणा, आईंचं पीठ-मसाले-कुकर, टेबल-खुर्च्या, सायकली आणि पाणी. पाण्याची टाकी शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. तेव्हा टाकी पूर्ण भरून प्रवास करायचाच नाही, वीस-तीस लिटर ठेवायचं आणि मुक्कामाला पोचून भरायचं, आणि सायकली विसरा. वजन जास्त, रस्ता तापलेला, टायर जुने, हे तिन्ही एकत्र आले की टायर फुटतो, त्यामुळे गाडी घेताना टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का बघा (आठवडा आणि वर्ष असतं), हवा सकाळी गार असतानाच तपासा. गरम टायरमधून "जास्त झाली" म्हणून हवा काढू नका.

दुसरी भानगड वरच्या पलंगाची. छताला नाक लागेल इतक्या उंचीवरचा तो पलंग रात्री सगळ्यात गरम जागा असतो, तिथे आई-बाबांना चढवायचं नाही हे तर झालंच पण मुलंही रडतील. मी सुचवेन की गाडी सहा सीटबेल्टचीच घ्या (चालत्या गाडीत सगळ्यांना पट्टा, मागे पलंगावर कोणी आडवं पडायचं नाही, धाकट्याची कार सीट कुठे बसते ते आधी विचारा), पण रात्रीसाठी कॅम्पिंगवरच आई-बाबांना छोटा बंगला घ्या. स्पेनमधल्या बऱ्याच कॅम्पिंगवर एसीवाले बंगले असतात, स्वतःचं बाथरूम, स्वयंपाकघर, दुपारची झोप सगळ्यांनी तिथेच काढायची. चार पैसे जास्त जातील पण बाबांचं इन्सुलिनही तिथल्या घरच्यासारख्या फ्रिजमधे राहील.

कारण मोटरहोमचा फ्रिज हा वेगळाच प्राणी. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांत गॅस, बॅटरी आणि वीज तिन्हींवर चालणारा थ्री-वे फ्रिज असतो, त्याला बाहेरची गरम हवा आवडत नाही, ३५ च्या पुढे तो धापा टाकतो. दाराच्या आत स्टिकरवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो, एसएन म्हणजे ३२ पर्यंत, एसटी ३८, टी ४३, तो बघून घ्या. गाडी सपाट उभी हवी, आदल्या रात्रीपासून चालू हवा, दुकानातून आणलेलं गारच आत टाकायचं, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या जाळ्यांवर ऊन येऊ द्यायचं नाही. कंप्रेसरवाला फ्रिज मिळत असेल तर डोळे मिटून तो घ्या.

एसीबद्दल भाड्यावाल्याला नेमका प्रश्न विचारा. "एसी आहे का?" विचारलं तर हो म्हणतील, तो पुढचा, इंजिन चालू असतानाच चालणारा. छतावरचा एसी आहे का, हे विचारायचं. तोही कॅम्पिंगची वीज जोडल्याशिवाय चालत नाही. काहीजण लिथियम बॅटरीवर चालतो म्हणून सांगतात, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट, त्यात एसी तास-दीड तास, मग अंधार. वीज जोडली तरी किती अँपिअर मिळतात ते बघा, सहा अँपिअर म्हणजे २३० ने गुणून १३८० वॉट, एसी त्यातले ८००-९०० घेतो, वर कोणी चहाची किटली लावली की ट्रिप, आणि तो खांबावरचा बॉक्स कधीकधी कुलपात असतो, म्हणजे दुपारी तीनला ऑफिसमधल्या माणसाची वाट बघत बसा. दहा अँपिअरची जागा मागायची. एसी गाडी तापल्यावर लावून उपयोग नाही, सकाळी अकरालाच खिडक्या बंद करून लावायचा.

आणि सावली. जागा बुक करताना दिवसभर सावली असलेली मागा, पण लोखंडी सांगाड्यावर हिरवी जाळी टाकलेली सावली असेल तर तिची उंची विचारा, कापुचिना छतावरच्या एसीसकट तीन मीटरच्या वर जाते आणि बऱ्याच जाळ्यांखाली शिरत नाही. झाडं असतील तर उत्तम. उभी करताना तोंड पूर्वेला करा. मग मोठी काच संध्याकाळच्या उन्हातून वाचते, दार आणि ऑनिंग (युरोपातल्या गाडीत उजवीकडे) दक्षिणेला येतात आणि दुपारी त्या भिंतीवर सावली पडते, पश्चिमेला मागची भिंत, जिथे बहुतेक काही नसतं. पुढच्या काचेला चंदेरी कव्हर बाहेरून लावायचं, आतून लावलेलं काच तापल्यावर काय करणार. खोऱ्यात कोरडी हवा असते तेव्हा आपला विदर्भाचा उपाय चालतो, ओली चादर खिडकीला आणि पंखा, मस्त गार होतं, पण किनाऱ्यावर हवा दमट, तिथे ओल्या चादरीने फक्त चिकचिक वाढते.

तुम्ही विचारलंय की कुठेही फुकट थांबता येतं का. स्पेनमधे नियम असा, की गाडी पार्किंगच्या जागेत रीतसर उभी असेल तर आत तुम्ही झोपलाय की जेवताय याच्याशी ट्रॅफिकवाल्यांना घेणं नाही, पण गाडीच्या हद्दीबाहेर काही आलं, ऑनिंग, खुर्ची, टेबल, बाहेर उघडणारी खिडकी, तर ते पार्किंग राहात नाही, कॅम्पिंग होतं आणि दंड. उन्हाळ्यात इथेच सगळं अडतं, खिडक्या न उघडता, ऑनिंगशिवाय, विजेशिवाय सहा माणसं? त्यात समुद्राच्या सरकारी पट्ट्यावर रात्र काढायला बंदी, काबो दे गातासारख्या नैसर्गिक उद्यानात बंदी, आणि बऱ्याच नगरपालिकांच्या स्वतःच्या पाट्या. ॲपवर "सुंदर जागा, कोणी काही बोललं नाही" असं लिहिणारा नोव्हेंबरात दोघंच येऊन गेलेला असतो हे विसरू नका. हायवेच्या सर्व्हिस एरियात रात्री झोपणं तर नकोच, चोऱ्या होतात, आणि दिवसा कोणी शेजारून हात दाखवत टायर पंक्चर म्हणाला तर उजेडात, माणसांत जाऊन थांबा. मधल्या एखाद्या रात्रीसाठी मोटरहोमचे खास तळ असतात, आरेआ म्हणतात, पाणी-घाण टाकायची सोय असते, पण बरेचसे म्हणजे नुसतं डांबर, झाड एक नाही. जूनअखेर शाळा सुटलेल्या असतात त्यामुळे कादिझच्या बाजूची शनिवार-रविवारची बुकिंग आधी करा, सवलतीची कॅम्पिंग कार्डं हाय सीझनला चालत नाहीत.

टॉयलेटची कॅसेट (खालची घाण साठवायची टाकी) उन्हात दोन दिवसांवर ठेवू नका, सहा जणांत रोजच भरेल म्हणा, आणि शक्यतो कॅम्पिंगचंच वापरा. रस्त्याकडेच्या नळावर "नो पोताब्ले" लिहिलं असेल तर ते पाणी प्यायचं नाही. संध्याकाळी डासांचं औषध लावाच, विशेषतः सेव्हिलच्या खाली भातशेती-दलदलीच्या भागात, २०२० मध्ये तिथे वेस्ट नाईल तापाची साथ आली होती.

वेग: ३५०० किलोपर्यंत हायवेला १२०, साध्या रस्त्याला ९०, पण भरलेली कापुचिना शंभरच्या पुढे नेऊ नका, डिझेल पितेच आणि वाऱ्यात डोलते. सेव्हिल-कादिझ रस्त्याला २०२० पासून टोल नाही. मलागाच्या पश्चिमेला एपी-७ ला आहे, उन्हाळ्यात जास्तच, शेजारची ए-७ फुकट पण गर्दीची. मोठ्या शहरांत कमी प्रदूषणाचे झोन आहेत, गाडी स्पॅनिश असेल तर काचेवर स्टिकर आहे का आणि कुठल्या झोनला चालतं ते भाड्यावाल्याकडून लिहून घ्या. जंगलाच्या भागात १ जून ते १५ ऑक्टोबर आग पेटवायला बंदी, कोळशाची शेगडी अजिबात नको. इमर्जन्सी ११२.

खाण्याची काळजी आईंना असणार. दुपारी गाडीत फोडणी नको, आतलं तापमान पाच डिग्रीने चढतं आणि गॅसचा अलार्म वाजत बसतो, पोळ्या सकाळी सातला उरकून टाकायच्या. मेर्कादोना सुपरमार्केटात शिजवलेल्या छोल्यांच्या बरण्या मिळतात, दहा मिनिटांत भाजी, आणि केफीर आणून पाणी-मीठ-जिरं घातलं की ताक, फरक कळत नाही. रविवारी मोठी दुकानं बहुतेक बंद, शनिवारी भरून ठेवा. बाहेर खाल्लंत तर सेव्हिलला पालक-छोले जिरं घालून मिळतात, मलागा-कॉर्डोबाला वांग्याच्या तळलेल्या चकत्यांवर काकवी घालून देतात, बाबा दोन प्लेट खातील. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटोचं गार घट्ट सूप, पण वर हॅम आणि अंडं भुरभुरतात, आधीच "सिन हामोन, सिन उएवो" सांगायचं.

लायसन्सचं शेवटी, कारण तुम्ही विचारलं नाहीत पण अडू शकतं. नेदरलँड्समधे रहिवासी झाल्यावर भारतीय लायसन्स १८५ दिवसच चालतं, तीस टक्के रूलिंगवाल्यांना (बाहेरून नोकरीवर आणलेल्यांची करसवलत) ते डच लायसन्समधे बदलून मिळतं, तुमच्या मिस्टरांनी बदललंय ना ते बघा, आणि तुमच्याकडेही असेल तर दोघांची नावं भाडेकरारात ड्रायव्हर म्हणून घाला. कितीतरी भाड्यावाले २५ वर्षं वय आणि काही वर्षं जुनं लायसन्स मागतात, आणि बदललेल्या डच कार्डावर तारीख नवीन दिसली तर जुन्या भारतीय लायसन्सची झेरॉक्स दाखवावी लागते, ती बदलायला देण्याआधी काढून ठेवलेली असली म्हणजे बरं.